आवड पोटापाण्याला लावताना

पाकिटामागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय बिस्किटाचा पुडा न घेणारा आणि लग्नाच्या पंगतीतही आधी कोशिंबिरीकडे हात नेणारा माणूस आता ठाण्याच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतो. चाळिशीच्या आसपास, बहुधा रक्ततपासणीचा एखादा अहवाल हाती आल्यावर लागलेला हा नाद पुढे इतका वाढतो, की दिवसाचे दहा तास ज्या कामात जातात तेही याच विषयाचे असते तर बरे झाले असते, असे वाटू लागते. हे टिपण अशा वाचकांसाठी आहे. सकस खाण्याची आवड म्हणजे चार-पाच निरनिराळ्या आवडींचे एक गाठोडे असते, आणि ते सोडवून आपली नेमकी कोणती हे न पाहता घेतलेले काम वर्षाच्या आतच नकोसे होते, असा माझा अनुभव आहे.

मी हे उलट्या क्रमाने शिकले. काही वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून पाचपाखाडीतल्या घरातून मी अकरा जणांना दुपारचे पौष्टिक डबे द्यायला सुरुवात केली. चौथ्याच आठवड्यात, ऐन जूनमध्ये, मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर मी गरम भाजीच्या कप्प्याशेजारी भरून झाकण घट्ट लावले. दुपारी एकला डबे उघडले तेव्हा मटकी बुळबुळीत झाली होती आणि तिला वास येत होता. दोन जणांनी डबा तसाच परत पाठवला, बाकीच्यांनी बोलून दाखवले नाही एवढेच. चूक सुधारता येण्यासारखी होती आणि मी ती सुधारलीही, पण त्या तीन महिन्यांत दुसरीच गोष्ट ध्यानात आली. पहाटे पाचला भाज्या चिरण्याचा मला मनस्वी कंटाळा होता. मात्र परत आलेल्या डब्यात कारल्याची भाजी का उरली, हे त्या माणसाला फोन करून विचारण्यात आणि पुढच्या आठवड्याची आखणी त्याप्रमाणे बदलण्यात माझा वेळ कसा जाई ते कळत नसे. डबे बंद केले. आज मी रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कॅन्टीनचा मेनू आखते आणि त्याचा हिशेब ठेवते.

आधी वही

पंधरा दिवस एक वही जवळ ठेवावी आणि अन्नाशी संबंधित जे काही आपण कोणी न सांगता केले, ते रोज रात्री दोन ओळींत लिहावे. विचार लिहू नयेत, कृती लिहाव्यात. ‘नाचणीचे महत्त्व पटले’ ही नोंद काही कामाची नाही. ‘सासूबाईंच्या रक्तदाबासाठी लोणचे-पापड वगळून आठवड्याच्या भाज्या ठरवल्या, त्यांना ते पटवण्यात अर्धा तास गेला आणि कंटाळा आला नाही’ ही नोंद कामाची आहे.

पंधरा दिवसांनी वही वाचली की कल दिसतो. कोणाचे हात सारखे कढईकडे जातात. त्याने स्वयंपाकाचे काम पाहावे. कोणाला समजावून सांगण्यात रस असतो, आणि समोरचा ‘हे जमणार नाही’ म्हणाला तरी तो चिडत नाही. ही सल्लागाराची वृत्ती झाली, आणि न चिडणे हा तिच्यातला अवघड भाग आहे. कोणी वरणाच्या वाटीतली प्रथिने मोजत बसतो. कोणाला पावसाळ्यात जांभळी नाक्यावर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून शेवळे घेताना ती कुठून आणली, त्यांची खाज काढायला काकडे किती घालायची, हे विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचे मन शेताच्या आणि बाजाराच्या बाजूला आहे. आणि एखाद्याला आपल्या ताटापेक्षा इतरांच्या रिकाम्या ताटाची चिंता अधिक वाटते. हे पाच रस्ते वेगळे आहेत. त्यांचे शिक्षण वेगळे, मिळकत वेगळी आणि दमवणूकही वेगळी.

चार शनिवार

कोणताही अभ्यासक्रम भरण्यापूर्वी चार शनिवार काढून चार प्रकारची कामे जवळून पाहावीत. ठाणे–वाशी लोकल हाताशी असल्यामुळे आपल्याला हे इतरांपेक्षा सोपे आहे.

एक शनिवार तुर्भ्याच्या बाजार समितीत घालवावा. भाजीपाला, फळे, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांपैकी भाजीपाल्याचा बाजार पहाटेच गजबजलेला असतो. सात-आठला गेल्यास उरलेला माल आणि चिखल दिसेल. नंतर धान्य बाजारात जाऊन नाचणी, ज्वारी, वरी यांचा गोणीचा भाव विचारावा आणि घराजवळच्या ‘हेल्थ फूड’च्या दुकानातील अर्ध्या किलोच्या पाकिटावरील किमतीशी ताडून पाहावा. त्या दोन भावांच्या मधल्या जागेत निवडणे, दळणे, पाकीटबंद करणे आणि विकणे ही सगळी कामे आहेत, आणि अनेक बचत गट त्याच जागेत उभे आहेत.

दुसरा शनिवार एखाद्या रुग्णालयातील आहारतज्ज्ञांबरोबर अर्धा दिवस घालवता आला तर पाहावे; त्यासाठी ओळख काढावी लागते आणि परवानगीही लागते. तिथे कळते की या कामाचा बराच भाग नातेवाइकांशी बोलण्याचा आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने दाखल झालेल्या रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने शहाळे घेऊन येतो, आणि शहाळ्यातील पोटॅशियम त्या रुग्णाच्या हृदयाला धोकादायक ठरू शकते. हे दर वेळी नव्या माणसाला, न दुखावता, दारातच सांगावे लागते. त्याच रुग्णाची भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, असे सांगितल्यावर ‘मग सत्त्व काय राहिले?’ हा प्रश्न येतो. सत्त्व जपण्याच्या हौसेने या क्षेत्रात येणाऱ्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारून ठेवावा.

तिसरा शनिवार आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आसनगावला उतरून शहापूर तालुक्यात किंवा कल्याणहून मुरबाडकडे गेले, तर घोडबंदर रोडवरील ‘डिटॉक्स’च्या फलकांपासून दीड-दोन तासांवर अंगणवाडीत मुलाच्या दंडाला गुंडाळलेली रंगीत पट्टी पाहायला मिळते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर लाल म्हणजे तीव्र कुपोषणाचा रंग, 11.5 ते 12.5 मध्ये पिवळा म्हणजे मध्यम कुपोषणाचा आणि त्यापुढे हिरवा. सेविका पट्टी ना सैल ना घट्ट अशी धरते, आकडा वाचते, मोबाइलवर नोंद करते, आणि मूल रडत असताना आईशी घरी काय शिजते याविषयी बोलत राहते. शनिवारी अंगणवाडी उघडी आहे का हे आधी विचारून, आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेमार्फतच जावे. उगाच फोटो काढायला जाऊ नये. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते, त्यामुळे शहरातील माणसाला तिथे काम करायचे असेल, तर स्वयंसेवी संस्था किंवा पर्यवेक्षिका व बालविकास प्रकल्प अधिकारी या पदांच्या स्पर्धा परीक्षा हे मार्ग राहतात. काम अर्थपूर्ण असावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी निदान हा शनिवार तरी चुकवू नये असे मी म्हणेन.

चौथा शनिवार एखाद्या डबेवाल्या काकूंच्या स्वयंपाकघरात, बघायला नव्हे तर भांडी घासायला.

शिक्षण आणि पाटी

या क्षेत्रात सर्वाधिक घोळ पाटीवर काय लिहायचे याचा आहे. ‘न्यूट्रिशनिस्ट’, ‘वेलनेस कोच’ हे शब्द चार शनिवार-रविवारच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावरही लोक लावतात. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही मान्यता मात्र आहारशास्त्राची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका, त्यानंतर रुग्णालयातील सहा महिन्यांची उमेदवारी आणि परीक्षा या मार्गाने मिळते. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने आहारतज्ज्ञांचा समावेश आरोग्य व्यावसायिकांत केला आहे. त्यामुळे आजारी माणसाला आहार लिहून देण्याचे काम ज्यांना करायचे आहे, त्यांनी आडवाटेचा विचार सोडून द्यावा. मुंबईत चर्चगेटचे निर्मला निकेतन आणि सांताक्रूझ येथील एसएनडीटीचे गृहविज्ञान महाविद्यालय ही या शिक्षणाची जुनी ठिकाणे आहेत. ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाणे होते, आणि चाळिशीत पुन्हा विद्यार्थी म्हणून ती गर्दी झेपेल का, हा प्रश्न गुणपत्रिकेइतकाच खरा आहे.

नोकरी न सोडता पाया पक्का करायचा असेल, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे अन्न व पोषण विषयाचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि पोषण व आरोग्य शिक्षणाची एक वर्षाची पदविका हे अभ्यासक्रम चांगले आहेत. मी पदविका केली. तिने मी आहारतज्ज्ञ झाले नाही, होतही नसते. निरोगी माणसांच्या जेवणाची आखणी समजून करता येऊ लागली, इतकेच. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेला कोणी आला की मी त्याला नोंदणीकृत आहारतज्ज्ञांकडे पाठवते.

स्वतःच्या अभ्यासासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली 17 आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे आणि त्याच संस्थेचे 2017 चे, 528 खाद्यपदार्थांची घटकद्रव्ये देणारे कोष्टक, एवढी दोन साधने कितीतरी ‘रील’ वाचवतात. ती नुसती वाचू नयेत. आपल्या एका दिवसाच्या जेवणाचे गणित त्यांवरून करावे. कोरडी तूरडाळ 100 ग्रॅमला साधारण 21 ते 22 ग्रॅम प्रथिने देते. घरातल्या वरणाच्या वाटीत फार तर 30 ग्रॅम डाळ असते, म्हणजे वाटीतून साडेसहा ग्रॅम मिळाले. 55 किलो वजनाच्या स्त्रीला किलोमागे 0.83 ग्रॅम या प्रमाणाने दिवसाला सुमारे 46 ग्रॅम लागतात. पोळी-भात, दूध-दही, उसळ यांतून उरलेले किती भरते हे मांडून पाहिले की ‘आपले पारंपरिक जेवण परिपूर्णच आहे’ आणि ‘आपल्या जेवणात काहीच नसते’ ही दोन्ही विधाने किती घाईची आहेत ते कळते. हे गणित करताना ज्याला कंटाळा आला, त्याने सल्लागार होण्याचा विचार थोडा लांबवावा.

डब्याचा हिशेब

तरीही बहुतेकांचा पाय पहिल्यांदा डब्याकडेच वळतो, कारण त्याला भांडवल कमी लागते. प्रथम कायदा. घरातून अन्न विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. 2011 च्या नियमावलीने वार्षिक 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकासाठी वर्षाला 100 रुपये शुल्काची साधी नोंदणी ठेवली. अर्ज ‘फॉस्कॉस’ या संकेतस्थळावर होतो, आणि मर्यादा व शुल्क त्या दिवशी काय आहे ते तिथेच पाहून घ्यावे. 14 अंकी क्रमांक मिळाला की तो बिलावर, पाकिटावर छापावा. सोसायटीच्या कमिटीला आधीच सांगून ठेवावे, कारण तक्रार अन्नाची नसते, लिफ्टमध्ये डबे घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलांची असते.

मग पैसा. पुढील आकडे नमुन्याचे आहेत. आपले स्वतःचे घालून पाहावेत. रोज 25 डबे, 130 रुपयांना एक, महिन्याचे 24 दिवस, म्हणजे 600 डबे आणि 78,000 रुपये. डब्यामागे 60 रुपयांचा शिधा-भाजी धरली तर 36,000. पोहोचवण्याचे 20 रुपयांप्रमाणे 12,000. मदतनीस बाईंचे 9,000. गॅस, साबण, फुकट गेलेले अन्न यांचे 6,000. हाती उरले 15,000. रोज आठ तास काम म्हणजे महिन्याला 192 तास, म्हणजे ताशी 78 रुपये. यात वाढ होऊ शकते, पण ती बहुधा दर वाढवून होते. डबे वाढवले की दुसरी मदतनीस आणि मोठा ओटा लागतो. सकस डब्याचा शिधा साध्या डब्यापेक्षा महागच पडतो, कारण स्वस्तात पोट भरणारा बटाटा आणि मैदा आपण स्वतःच बाहेर काढलेला असतो.

स्वच्छतेचे नियम मटकीने मला शिकवले. गरम अन्न 60 अंशांच्या वर, थंड अन्न 5 अंशांच्या खाली, आणि मधल्या पट्ट्यात अन्नाचा मुक्काम होईल तितका थोडा. कच्ची कोशिंबीर वेगळ्या डबीत, पूर्ण निथळून, आणि पावसाळ्यात मोड आलेले कडधान्य वाफवूनच.

जाहिरातीबाबत मात्र हात राखून लिहावे. ‘मधुमेह पळवणारा डबा’, ‘वजन हमखास घटवणारी थाळी’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात, ज्या विकारांवर उपचाराचा दावा जाहिरातीत करता येत नाही त्यांच्या यादीत, मधुमेह आणि स्थूलता ही दोन्ही नावे आहेत, आणि अन्नावरील दाव्यांसाठी 2018 चे स्वतंत्र नियम आहेत. गुळाच्या लाडवाला ‘साखरमुक्त’ म्हणणे ही तर आपल्याकडची जुनी खोड. गूळ ही साखरच आहे, थोडी रंगीत. ‘गुळाचा लाडू’ असे लिहिले तरी तो विकला जातो.

पीठ, लाडू, खाकरा, चटण्या असे टिकाऊ पदार्थ करायचे असतील, तर 2020 मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी आणलेल्या योजनेत कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद केली गेली. तिची चालू मुदत बँकेत किंवा जिल्हा कृषी कार्यालयात विचारून मगच यंत्राची मागणी नोंदवावी. अनुदानाच्या भरवशावर आधी यंत्र घेणाऱ्यांची यंत्रे गॅलरीत कापडाखाली झाकलेली मी पाहिली आहेत.

पाचशे ताटांचे स्वयंपाकघर

या कामाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिते. ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे हा पट्टा कारखान्यांनी आणि आयटीच्या इमारतींनी भरलेला आहे. 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन हवे, ही अट 1948 च्या कारखाने अधिनियमातच होती. ही कॅन्टीन बहुधा कंत्राटदार चालवतात, आणि त्यांना मेनू आखणारा, मापे पाळून घेणारा, नोंदी ठेवणारा माणूस हवा असतो, जरी ते जाहिरातीत ‘किचन सुपरवायझर’ असे लिहीत असले तरी.

इथे एका निर्णयाचा परिणाम मोजता येतो. आमच्याकडे रोज पाचशे ताटे जातात. मी आले तेव्हा 15 किलोचा तेलाचा एक डबा रोज संपत असे, म्हणजे ताटामागे 30 ग्रॅम तेल, आणि तेही एकाच जेवणात. आचाऱ्याशी वाद घातला नाही. त्याच्या हातातला डाव मोजला. प्रत्येक फोडणीला तो अंदाजाने ओतत असे, त्याऐवजी मापाचे भांडे ठेवले, रश्श्यावर ‘तरी’ येण्यासाठी शेवटी घातले जाणारे तेल बंद केले, आणि चार महिन्यांत आकडा 20 ग्रॅमवर आला. रोज पाच किलो, म्हणजे तीन दिवसांत एक डबा वाचला. कंत्राटदाराला आरोग्य पटले नव्हते, डबा पटला. वाचलेल्या पैशातून मी आठवड्यातून दोनदा अंडे किंवा पनीर मागून घेतले.

चूकही सांगते. पहिल्याच आठवड्यात मी उसळीवरची शेव काढून टाकली. दुपारपाळीच्या कामगारांनी ताटे तशीच ठेवली आणि बाहेरच्या गाडीवर वडापाव खाल्ला. दिवसभर यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या ताटातून त्याला न विचारता काही काढून घेतले, की त्याला ती शिक्षा वाटते. शेव बुधवारी परत आली, बाकीच्या दिवशी भाजलेले शेंगदाणे आणि कांदा आला, आणि वडे तळायचे असतील तर तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर जाऊ न देण्याचा नियम पाळून तळायचे, असे ठरले.

असे काम मिळवायचे असेल तर नुसता बायोडेटा पाठवून भागत नाही. एका आठवड्याचा मेनू, प्रत्येक पदार्थाचे ताटामागे ग्रॅममध्ये माप, ताटाचा खर्च आणि सध्याच्या मेनूशी तुलना असे दोन पानांचे टिपण घेऊन कंत्राटदाराला भेटावे. सोबत एफएसएसएआयच्या ‘फॉस्टॅक’ या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असले तर बोलणे लवकर पुढे जाते. शाळांचे कॅन्टीन आणि मोठ्या सोसायट्यांतील ज्येष्ठ नागरिकांची मंडळे यांच्याकडेही याच टिपणाने जाता येते.

राजीनामा आणि फी

नव्या कामातून सलग सहा महिने पैसे आल्याशिवाय, आणि घरखर्च व हप्ते मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हप्ता आवडीकडे पाहून थांबत नाही. घरच्यांना आकडे दाखवावेत. ‘मनासारखे काम’ एवढ्यावर त्यांनी होकार द्यावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

फीविषयी पहिल्याच दिवशी स्पष्ट असावे. आपण या क्षेत्रात आलो हे कळताच सोसायटीच्या ग्रुपवर ‘वहिनी, एक डाएट चार्ट पाठवा ना’ हा निरोप येतोच, आणि पाठवलेला फुकट तक्ता कोणी पाळत नाही. मी पंधरा मिनिटे बोलण्याचे काही घेत नाही. त्यानंतर तीन दिवसांच्या जेवणाची नोंद लिहून आणायला सांगते, आणि ती आणली तरच पुढची वेळ व फी सांगते. दहापैकी सात जण नोंद आणत नाहीत. उरलेल्या तिघांशी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून बोलते, कारण मिठाची बरणी ओट्यावर आहे की जेवणाच्या टेबलावर, हे फोनवर कळत नाही.